सराफ्यापासून मकाऊपर्यंत

"आमचं घर चीनला गेलं." पोरगा पुण्याला गेला, असं सांगावं तितक्या सहज माझी पणजी हे सांगायची. मी पणजीला पाहिलेलं नाही, हे सगळं आत्याकडून ऐकलेलं. आत्या लहानपणी पणजीच्या कुशीत झोपायची, आणि तिला खरंच वाटायचं की इंदुरातलं ते माडीचं घर, पुढचा ओटा, तुळशीवृंदावन, न्हाणीतला तांब्याचा बंब, सगळं कुणीतरी बैलगाड्यांत भरून चीनला नेलं. मोठी झाल्यावर तिला कळलं की पणजोबांनी अफूच्या सट्ट्यात घर घालवलं होतं. अफूचा भाव चीनच्या मागणीवर चढायचा-उतरायचा, म्हणून घर चीनला गेलं. घराच्या आधी पणजीच्या पाटल्या गेल्या. त्या सराफ्यात गहाण पडल्या आणि कधी सुटल्याच नाहीत. त्या गहाणाची चिठ्ठी आत्याकडे अजून आहे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चिठ्ठी महाजनी लिपीत आहे, आमच्यापैकी कुणालाच ती वाचता येत नाही.

आमच्या घरात पत्ते कधी आले नाहीत. दिवाळीत शेजारी तीनपानी रंगायची तेव्हा आम्हा मुलांना अंगणात फराळाचं ताट देऊन बसवलेलं असायचं.

आत्या आता ७१ वर्षांची आहे. राजेंद्रनगरात एकटी राहते, भाजणी, मेतकूट आणि डांगराचं पीठ करून विकते. गेल्या वर्षी गणपतीत तिच्याकडे जेवायला गेले होते. पानं वाढता वाढता म्हणाली, "बेटा, ते चीन एकदा बघून येऊ का? पैसे आहेत माझ्याकडे. फार नाहीत, पण आहेत."

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे चीन म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न मला आधी पडला. पणजोबांच्या काळात अफूच्या पेट्या मुंबईहून हाँगकाँग आणि शांघायला जायच्या. पण मालव्याच्या अफूची चिनी किनाऱ्यावरची वाट त्याच्या शंभर वर्षं आधीपासूनची आहे, आणि ती मकाऊला जाते. मकाऊ पोर्तुगीजांकडे होतं आणि आपल्याकडचं दमणही त्यांच्याचकडे. इंग्रजांची कंपनी बंगालची अफू स्वतः विकायची आणि मालव्याची अफू मुंबईतून सहज जाऊ द्यायची नाही. मग मालव्याचे व्यापारी मंदसौर-नीमच-रतलाम भागातला माल उंटांवर लादून पाली, जैसलमेरवरून कराचीला न्यायचे, तिथून तो दमणला उतरायचा आणि दमणहून जहाजांनी मकाऊला. १८३० च्या सुमारास कंपनीनं हार मानली आणि इंदुरात पेट्या तोलून, जकात घेऊन परवाने द्यायला सुरुवात केली. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि दमणची वाट पुरती बंद झाली.

त्याआधी १८४२ मध्ये, पहिल्या अफूयुद्धानंतर, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं होतं. तिथलं खोल बंदर बघून सगळी जहाजं तिकडे वळली आणि मकाऊचा धंदा बसला. तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा पोर्तुगीज सरकारनं १८४७ मध्ये जुगाराला कायद्यानं परवानगी दिली आणि त्यावर कर बसवला. आज ज्या कसिनोंसाठी मकाऊ ओळखलं जातं, त्यांची मुळं तिथवर जातात. ही साखळी माझ्या ध्यानात आली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याला फोन केला आणि म्हटलं, "आत्या, मकाऊला जाऊ. आपल्याला तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही."

पैशांचा हिशेब आत्यानं तिच्या पिठाच्या वहीत मांडला. ९५ हजार, दोघींचे मिळून, त्यावर एक रुपया नाही. विमानाची तिकिटंच ५८ हजार खाऊन गेली. उरलेल्या ३७ हजारांत इंदूर-मुंबई रेल्वे, राहणं, खाणं, फिरणं. जगातल्या महागड्या शहरांत गणलं जाणारं गाव, आणि तिथलं चलन पटाका; तेव्हा एक पटाका म्हणजे आपले साधारण साडेदहा रुपये.

मी खोल्यांचे दर बघायला लागले तेव्हा एक गोष्ट लगेच कळली. तीच खोली मंगळवारी ज्या भावात मिळते, त्याच्या दुप्पट-अडीचपट शनिवारी मागतात, कारण शनिवार-रविवारी हाँगकाँग आणि चीनमधून खेळणाऱ्यांचे लोंढे येतात. नोव्हेंबरच्या मध्यावर मोटारींची शर्यत असते, तेव्हा तर विचारूच नये. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला, सोमवार ते गुरुवार, तीन रात्री. हवाही तेव्हा इंदूरच्या डिसेंबरासारखीच सुखाची असते. हाँगकाँगच्या विमानतळावर उतरायचं तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत केली.

अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई, तिथून हाँगकाँग, आणि विमानतळाला लागूनच असलेल्या सीमानाक्यावरून मकाऊची बस. ही बस समुद्रावरच्या पुलावरून जाते. २०१८ मध्ये सुरू झालेला हा पूल आणि बोगदा मिळून ५५ किलोमीटरचा आहे, आणि तिकीट फक्त ६५ हाँगकाँग डॉलर. बोटीला याच्या दुपटीहून जास्त पडलं असतं. आत्या खिडकीशी बसली. दोन्हीकडे राखाडी पाणी. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि ते बिचारे शिडाच्या जहाजानं यायचे."

मकाऊच्या नाक्यावर तिनं पासपोर्ट उघडून दोन्ही हातांनी पुढे केला. तिला शिक्का हवा होता. तिथे शिक्का मारतच नाहीत, बोटभर कागदाची एक चिठ्ठी छापून देतात. "एवढंच?" तिनं मला मराठीत विचारलं. मी म्हटलं, एवढंच. तिनं ती चिठ्ठी पाकिटात न ठेवता पोलक्याच्या आतल्या खिशात ठेवली.

आमची खोली जुन्या गावात होती, रुआ दा फेलिसिदादे नावाच्या गल्लीजवळ. या पोर्तुगीज नावाचा अर्थ सुखाची गल्ली. दोन्ही बाजूंना ठेंगणी घरं आणि लाल लाकडी झडपा. एके काळी ही कोठ्यांची गल्ली होती. आता खाली खाण्याची दुकानं आहेत. खोलीत दोन खाटा, पाणी उकळायची किटली आणि खिडकी. खिडकीतून छपरांच्या वर एक सोनेरी इमारत दिसायची, कमळासारखी वर उमलत गेलेली. तो ग्रँड लिस्बोआ कसिनो. रात्रभर त्याचा उजेड आमच्या भिंतीवर हलत असायचा.

स्वस्तात राहायचं तर पोटाचं गणित आधी सोडवावं लागतं. आत्या अंडंसुद्धा खात नाही. तिनं दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट आणि इंदुरी शेव बांधून घेतली होती. मी एका दुकानातून दही आणि केळी आणली. सकाळी किटलीचं पाणी, चहाची पुडी, दशमी. दुपारी कुठेतरी गरम सोयाच्या दुधाचं दाट गोड खरवसासारखं काहीतरी मिळायचं, दहा-पंधरा पटाक्यांत वाटीभर. ते आत्याला इतकं आवडलं की रोज तिथेच जायचं ठरलं. जुन्या चर्चकडे जाणाऱ्या चढावर बिस्किटांची दुकानं आहेत, तिथे मुली हातात ताटं घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला तुकडे देतात. बदामाची बिस्किटं म्हणतात, पण पीठ मुगाचं असतं. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि तिथेच थांबले. भाजलेल्या मुगाच्या लाडवाची चव, तशीच टाळ्याला चिकटणारी. आत्यानं आधी चरबी घातलीय का ते विचारायला लावलं. खुणांनी ते काही विचारता येईना, म्हणून तिनं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "भाजलंय छान, पण जरा आणखी खरपूस हवं होतं."

त्या चढाच्या टोकाला सेंट पॉलचं चर्च आहे. म्हणजे त्याची फक्त दर्शनी भिंत आहे. १८३५ च्या आगीत मागचं सगळं जळालं. दगडी भिंत, तिच्यातल्या खिडक्या, आणि खिडक्यांतून दिसणारं आकाश. हे सगळं चालत, फुकटात पाहता येतं. सेनादो चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची फरसबंदी, निळ्या-पांढऱ्या फरशांवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांतली गल्ल्यांची नावं, उदबत्त्यांच्या मोठमोठ्या गुंडाळ्या टांगलेलं अ-मा देवीचं देऊळ. हा सगळा भाग २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि देवळात-चर्चात कुठे तिकीट लागलं नाही. शहरही केवढं, साऱ्या मकाऊचं क्षेत्रफळ जेमतेम ३३ चौरस किलोमीटर. दोन दिवस चालून आमचे पाय दुखले, पण बसला लागले दर फेरीला फक्त सहा पटाके. सुटे मोजून टाकावे लागतात, परत काही मिळत नाही. आत्यानं सुट्या नाण्यांची पुरचुंडी कनवटीला बांधली होती.

आणि मग फुकटच्या बसेस. कसिनोंच्या मोठमोठ्या गाड्या सीमेच्या नाक्यावरून, धक्क्यांवरून माणसं भरभरून नेतात. थंडगार, गुबगुबीत खुर्च्यांच्या, एक छदामही न घेता. आम्ही पहिल्या दिवशी तशाच एका गाडीनं कोताईला गेलो. तैपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र बुजवून ही जमीन काढली आहे. २००७ मध्ये उघडलेल्या व्हेनेशियनमध्ये छताला रंगवलेलं आकाश आहे, त्याखाली कालवे आणि कालव्यांत होड्या. बाहेर रात्र पडली होती आणि आत संध्याकाळचे पाच वाजल्यासारखा उजेड होता. कोताईतल्याच विन पॅलेस या दुसऱ्या कसिनोसमोरच्या तळ्यात गाण्याच्या तालावर कारंजी उडत होती. आत्या लहान मुलीसारखी कठड्याला धरून उभी राहिली, दोनदा सगळं बघितलं. मला त्या वेळी मनापासून वाटलं की एवढं सुंदर, एवढं फुकट, आणि आम्ही अगदी योग्य केलं इथे येऊन.

खेळायच्या दालनातही फुकट जाता येतं, वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत एवढंच. आत ना घड्याळ ना खिडकी. बहुतेक टेबलांवर एकच खेळ, बाकारा. आम्ही एका टेबलाच्या मागे थोड्या अंतरावर उभ्या राहिलो. खुर्चीवर आत्याच्याच वयाची एक बाई होती. अंगात हातानं विणलेला जांभळा स्वेटर, पायाशी भाजीची असावी तशी प्लास्टिकची पिशवी. तिच्यासमोर पालथं पान आलं. तिनं दोन्ही अंगठ्यांनी त्याची कड धरून ते हळूहळू दुमडायला सुरुवात केली, तांदूळ निवडताना खडा दिसावा तशी डोळे बारीक करून. मग पानावर फुंकर मारली. एकदा, दोनदा. नको असलेला ठिपका फुंकरीनं उडून जावा म्हणून तिथले लोक असं करतात, हे मला नंतर कळलं. पान उघडलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. समोरच्या चकत्या गेल्या आणि तिनं नवीन मांडल्या.

टेबलावरच्या पाटीवर कमीत कमी डाव लिहिलेला होता, १,००० हाँगकाँग डॉलर. आत्यानं मला रुपयांत विचारलं. साडेदहा हजारांच्या वर, मी सांगितलं. ती ओठ हलवत मोजत राहिली. "तेहेतीस किलो भाजणी," ती म्हणाली. "धान्य निवडणं, धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं. माझा सव्वा महिना."

आम्ही पाचेक मिनिटं उभ्या होतो. तेवढ्यात त्या बाईनं चार डाव मांडले.

दुसऱ्या संध्याकाळी लिस्बोआच्या मागच्या गल्ल्यांतून खोलीकडे परत येत होतो. तिथे एका रांगेत गहाणवटीची दुकानं आहेत. दारावर लाल-हिरव्या दिव्यांची पाटी, वटवाघळानं तोंडात नाणं धरल्याच्या आकाराची. वटवाघूळ त्यांच्याकडे शुभ. काचेआड घड्याळं, अंगठ्या, हिरे, ओळीनं. आत्या एका काचेपाशी थांबली आणि जागची हलेना. आत लाल मखमलीवर सोन्याचा एक जाडजूड हार होता, त्याला एक गुबगुबीत डुकरीण लटकवलेली आणि तिच्या पोटाशी पिल्लं. ठसठशीत पिवळं, बावीसच्या वरचं सोनं. मी फोनवर शोधलं. तिकडे लग्नात नवरीच्या गळ्यात माहेरचे लोक असा हार घालतात, तिला भरपूर मुलंबाळं व्हावीत म्हणून. काचेआड असे तीन हार होते.

"हे लग्नातलंय?" आत्यानं विचारलं.

"हो."

"मग इथं कसं?"

उत्तर तिला ठाऊक होतं. तिनं काचेला बोट लावलं, पिल्लं मोजली, चार होती. एका पिल्लाचा कान झिजलेला होता, कुणीतरी बोटांनी धरून धरून झिजावा तसा. आतला माणूस आमच्याकडे बघून उठायला लागला तेव्हा आम्ही पुढे निघालो. मला सराफा आठवत होता. दिवसा सोन्या-चांदीची पेढी आणि रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा. लहानपणापासून आम्ही तिथे मजेत खायला जातो. आत्या मात्र सराफ्यात कधी ओट्यावर बसून खात नाही, नेहमी उभी राहून खाते. याचं कारण मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारायची गरज उरली नाही.

तिसऱ्या दिवशी सीमेच्या नाक्याकडे जायचं होतं. कोपऱ्यावर कसिनोची फुकटची गाडी उभी होती, ती आधी कसिनोला आणि तिथून दुसरी नाक्याला जाते. मी चढायला लागले तर आत्या खालीच.

"हिचे पैसे कोण देतं, बेटा?"

"कसिनो देतो."

"त्यांना कोण देतं?"

मी उतरले. आम्ही रस्ता ओलांडून साध्या बसच्या थांब्यावर गेलो आणि तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून बारा पटाके मोजले. त्यानंतर आम्ही त्या गाड्यांत बसलो नाही. माझं मत मी इथे लिहून टाकते: काटकसरीनं मकाऊ बघणाऱ्याला सगळे हा फुकटच्या गाड्यांचा सल्ला देतात, मीही आधी देणार होते, पण आता देववत नाही. साध्या बसनं एकूण शंभर-सव्वाशे पटाके जास्त लागतील. तेवढे लागू द्यावेत.

अर्थात तिथल्या माणसांचंही आयुष्य याच पैशांवर चाललंय. २०२४ मध्ये मकाऊच्या कसिनोंची जुगारातली कमाई २२६ अब्ज पटाक्यांच्या वर गेली आणि त्यातला सुमारे ४० टक्के वाटा सरकार घेतं. त्यातून मुलांचं १५ वर्षांचं शिक्षण फुकट होतं, आणि कायमच्या रहिवाशाला वर्षाला १०,००० पटाके मिळतात. आमच्या खोलीची मालकीण, सत्तरीची, गणकयंत्रावर आकडे दाबून आमच्याशी बोलायची. तिचा नातू टेबलाजवळ बसून अभ्यास करायचा. आत्यानं निघताना तिला मेतकुटाची पुडी दिली, भातावर घालायची खूण करून दाखवली. मालकिणीनं वास घेतला, डोळे मोठे केले आणि पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: तिथल्या सरकारी नोकरांना कसिनोत खेळायला बंदी आहे, चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर. आणि २०१९ च्या अखेरीपासून खुद्द कसिनोत काम करणाऱ्यांनाही. ज्यांना हा धंदा जवळून माहीत आहे, त्यांनी आपल्या माणसांसाठी दार लावून घेतलंय.

नाक्याजवळ लिन फोंग देऊळ आहे. तिथे जाण्याची ओढ मला होती. आवारात लिन झेशू यांचा दगडी पुतळा उभा आहे. अफूचा व्यापार मोडून काढायला चीनच्या बादशहानं पाठवलेला हा अधिकारी. जून १८३९ मध्ये त्यानं हुमेनच्या किनाऱ्यावर परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या सुमारे २०,००० पेट्या चुना आणि मीठ घालून, खड्ड्यांत विरघळवून समुद्रात सोडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तो मकाऊला आला आणि याच देवळात पोर्तुगीज अधिकाऱ्यांना भेटला. त्या पेट्यांत बंगालची अफू होती आणि मालव्याचीही. मंदसौरच्या कुठल्यातरी शेतात बायकांनी बोंडांना चिरे देऊन खरवडलेला चीक, इंदुरात तोललेला, इथवर येऊन चुन्यात विरलेला.

मी हे आत्याला सांगत होते, वर्गात सांगते तसं, सनावळ्यांसकट. ती पुतळ्याकडे बघत ऐकत होती. मध्येच तिनं पदर डोक्यावरून घेतला, घरात सासरे आल्यावर जुन्या बायका घेत तसा. मग देवळात जाऊन उदबत्त्या विकत घेतल्या, पेटवल्या आणि पितळी पात्रातल्या राखेत खोचल्या. आवारात दोन म्हातारे दोरीवर पक्ष्यांचे पिंजरे टांगून बसले होते. आम्ही त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून शेवटच्या दोन दशम्या खाल्ल्या.

"तुझ्या पणजीनं चीनला कधी शिव्या दिल्या नाहीत," आत्या म्हणाली. "तिला कुणीतरी सांगितलं होतं, तिकडेही घरं बुडतात म्हणून. ती म्हणायची, माझ्या पाटल्या गेल्या, पण तिथल्या बायांचे नवरे गेले."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं आमच्या घरात सांगितली जायची ती आपल्या घराची गोष्ट. तिचा हा दुसरा भाग आत्यानं आजवर स्वतःजवळ ठेवला होता.

गुरुवारी सकाळी त्याच पुलावरून परतलो. इंदूरला पोचल्यावर आत्यानं वहीत हिशेब पुरा केला: खर्च ९१,३४०. ३,६६० उरले. त्या पैशांची तिनं दुसऱ्या दिवशी हरभरा डाळ आणि गहू भरले, मेतकुटाच्या ऑर्डरी थांबल्या होत्या.

परवा तिच्याकडे गेले तेव्हा तिनं बिस्किटांचा डबा काढला. महाजनी लिपीतली ती पिवळी चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली, आणि तिच्याबरोबर मकाऊच्या नाक्यावरची बोटभर चिठ्ठी. तिची शाई आताच उडायला लागलीय, तसल्या कागदावरची शाई टिकत नाही. आत्यानं मला पेन दिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला तारीख लिहायला सांगितली. मी लिहिली. मग तिनं दोन्ही चिठ्ठ्या एकात एक घडी करून डब्यात ठेवल्या आणि भाजणीचा घाणा उतरवायला आत गेली.